आई-बाबा घरात पडू नयेत म्हणून: सुरुवात कुठून करायची

'पाय घसरला' एवढं म्हणून आपण विषय मिटवतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच नंबर लागतो आणि जीव गमावणाऱ्यांत साठीपुढची माणसं सगळ्यांत जास्त असतात. जी वाचतात त्यांच्यातल्या कित्येकांचा खुबा मोडतो. ऑपरेशन नीट झालं तरी पहिल्यासारखं एकट्याने बाजारात जाणं अनेकांना पुन्हा जमत नाही.

घरोघरी याबाबत दोन टोकं दिसतात. काही घरांत 'वय झालं, आता हे चालायचंच' म्हणून सोडून देतात. काही घरांत आई एकदा पडली की 'तू आता जागची हलू नकोस' असं फर्मान निघतं. हे दुसरं प्रेमापोटी होतं, म्हणून त्याचं नुकसान लवकर लक्षात येत नाही. बसून राहिल्याने मांड्यांची ताकद काही आठवड्यांत कमी होते, तोल आणखी बिघडतो आणि पुढच्या वेळी पडण्याचा धोका वाढतो. माणसाला बसवून ठेवायचं नाही. घर बदलायचं, औषधं तपासून घ्यायची आणि पाय मजबूत करायचे. आई-वडिलांची काळजी पहिल्यांदाच अंगावर घेतलेल्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी बोला, मग तपासा

'पडलात का कधी?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. बाहेर जाणं बंद होईल या धास्तीने मोठी माणसं पडणं लपवतात. म्हणून प्रश्न जरा वेगळे विचारा. गेल्या वर्षभरात कधी तोल जाऊन खाली बसावं लागलं का? चालताना भिंतीला, टेबलाला हात लावावासा वाटतो का? पडायची भीती वाटते म्हणून एखादं काम सोडून दिलंत का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढचं सगळं आजपासून करायचं.

मग एक सोपी चाचणी घ्या. हात असलेल्या खुर्चीपासून १० फुटांवर जमिनीवर खडूने रेघ मारा. आईला खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायला, वळून परत यायला आणि बसायला सांगा. पायात रोजची चप्पल असू दे, काठी वापरत असेल तर तीही हातात असू दे. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. वेळेइतकंच वळताना काय होतं तेही बघा. अनेकांची पावलं नेमकी वळतानाच अडखळतात.

दुसरी चाचणी तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून, दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून १० सेकंद उभं राहता येतं का ते बघा. तुम्ही अगदी शेजारी उभे राहा, हात पुढे तयार ठेवा. जमलं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पलंग ते संडास: सगळ्यांत धोक्याची वाट

सगळं घर एकदम बदलायला जाऊ नका, ते होत नाही. रात्री पलंगावरून संडासापर्यंतची वाट आधी धरा. झोपेतून अर्धवट जागं झालेलं माणूस, डोळ्यांवर चष्मा नाही, लघवीची घाई आणि अंधार हे सगळं या एकाच वाटेवर गोळा होतं.

रात्री दिवे बंद करून ही वाट तुम्ही स्वतः चालून बघा. पायात काय येतं ते नीट कळेल. मोबाइलच्या चार्जरची वायर, दारातलं सुटं पायपुसणं, कुणीतरी मधेच ठेवलेला पाट, उंबरठा. पायपुसण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. जुन्या साडीचं किंवा टॉवेलचं दुमडून टाकलेलं पायपुसणं गुळगुळीत फरशीवर पायासकट सरकतं, आणि ते असतं नेमकं न्हाणीघराच्या दारात, म्हणजे जिथे पाऊल ओलं असतं तिथे. ते काढूनच टाका. खालून रबर असलेलं, कडा न वळणारं पायपुसणं घ्या आणि पायाने ढकलून बघा. जराही सरकलं तर तेही नको. उंबरठा काढता येत नसेल तर त्याच्या कडेवर ठळक रंगाची चिकटपट्टी लावा.

वाटेवर माणूस हलला की आपोआप लागणारे सेन्सरचे छोटे दिवे मिळतात. एक पलंगाजवळ आणि एक संडासाच्या दाराशी लावा. झिरोचा बल्बही चालतो, फक्त त्याचा उजेड जमिनीवर पडायला हवा. गावी वीज जाते, म्हणून उशाशी टॉर्च हवाच. चष्म्याची जागाही ठरलेली असू दे.

मच्छरदाणीचा विचार सहसा कुणी करत नाही. गादीखाली खोचलेली मच्छरदाणी घाईत सोडवताना पाय तिच्यात अडकतो. उतरण्याच्या बाजूला ती सहज वर होईल अशी ठेवा, किंवा त्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या बसवून मच्छरदाणीच बंद करा. जमिनीवर लोळणारी गोधडी आणि पायात येणारा लांब गाऊनही तसेच घातक.

पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. मधे खोलगट झालेल्या खाटेवरून उठायला फार जोर लागतो. तिच्यावर फळी टाका किंवा खाट बदला.

उठण्याची पद्धत ठरवून घ्या आणि रोज तशीच करायला लावा. आधी कुशीवर वळायचं, मग उठून बसायचं. मिनिटभर बसून पावलं वर-खाली हलवायची. मग पलंगाला धरून उभं राहायचं, चक्कर नाही याची खात्री करायची आणि नंतरच चालायला लागायचं. पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी. लघवी करताना किंवा झाल्यावर रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते, तेव्हा उभा माणूस सरळ खाली कोसळतो. रात्री वारंवार उठावं लागत असेल तर संध्याकाळनंतरचा चहा बंद करा, लघवी होण्याची गोळी सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा आणि गरज असेल तर पलंगाजवळ युरिन पॉट किंवा कमोड खुर्ची ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

न्हाणीघर

इथे पैसे खर्च करायचे असतील तर पहिला खर्च ग्रॅब बारचा, म्हणजे भिंतीत पक्क्या बसवलेल्या स्टीलच्या दांड्यांचा. निदान दोन हवेत, एक कमोडच्या बाजूला आणि एक आंघोळीला बसतो-उठतो तिथे. आडव्या दांड्याची उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच असते. पण भोक पाडण्याआधी आईला तिथे उभं करून तिचा हात सहज कुठे जातो ते बघा आणि पेन्सिलने खूण करा. दांडा विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर ठोकूनच बसवायचा. रबरी वाटीने चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात. ते मुळीच घेऊ नका, भार पडल्यावर सुटतात. बसवून झाल्यावर तुम्ही स्वतः त्याला लटकून बघा.

दांडा नसला की माणूस टॉवेलच्या दांडीला धरतं. ती असते दोन छोट्या स्क्रूंवर. तोल जाताना तिला धरलं की दांडी, प्लास्टर आणि माणूस एकदमच खाली येतात. ग्रॅब बार बसला की टॉवेलची दांडी हाताच्या वाटेतून काढून दुसरीकडे लावा, म्हणजे चुकूनही हात तिच्याकडे जाणार नाही.

आंघोळ बसून करायची. पातळ पायांचं प्लास्टिकचं स्टूल नको, ते ओल्या फरशीवर पाय फाकवतं. पायांना रबरी बूच असलेलं रुंद, मजबूत स्टूल किंवा पाठीची खुर्ची घ्या. बादली समोर उंचवट्यावर ठेवली तर वाकावं लागत नाही. पाणी फार कढत नको, त्याने रक्तदाब उतरून गरगरतं. भोकं असलेली रबरी चटई चांगली, पण आठवड्याला ब्रशने घासा, नाहीतर तिच्यावरच साबणाचा थर बसतो. दिवाळीत किंवा एरवी तेल लावून आंघोळ असेल तर तळवे कोरडे पुसून मगच आत जायचं, किंवा तेल लावणं आंघोळीच्या स्टुलावर बसूनच करायचं.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. कमोड बुटका असेल तर त्यावर बसणारी उंच सीट मिळते. दाराला आतून कडी लावायची नाही असं घरात ठरवा, किंवा बाहेरून नाण्याने उघडणारं लॅच बसवा. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दाराशीच पडलं तर दार उघडत नाही. सुतार घरी आलाच आहे तर दार बाहेर उघडेल असं करून घ्या.

बाकीच्या घरात तीन-चार गोष्टी बघा. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा, म्हणजे ओट्याजवळ स्टूल ओढून वर चढायची वेळ येणार नाही. माळ्यावरचं काढणं, दाराला तोरण बांधणं, पंखा पुसणं ही कामं सत्तरीच्या माणसाची नाहीत, हे स्पष्ट सांगा आणि ती कामं स्वतः वेळेवर करा. पूजेला खाली बसून उठणं जड जात असेल तर देवघर उंचावर घ्या आणि खुर्ची ठेवा. जिन्याला कठडा हवा, शक्यतो दोन्ही बाजूंना. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि अंगणात शेवाळ धरतं. ते ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा, आणि मागच्या दारच्या न्हाणीपर्यंत धरायला दोरी नको, पक्का बांबू बांधा.

गोळ्यांची पिशवी

घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांकडे न्या. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी तेच औषध लिहून दिलेलं असू शकतं.

विशेष लक्ष द्यायचं ते झोपेच्या आणि 'टेन्शनच्या' गोळ्यांकडे (अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम), रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांकडे (टॅम्सुलोसिन), आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांकडे. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोपेची गोळी एकदम थांबवली तर उलट त्रास होतो, ती डॉक्टर हळूहळू कमी करतात. मधुमेह असलेल्यांनी एकादशी-चतुर्थीच्या उपवासाचं डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीचं आणि पोटात फक्त चहा, अशाने साखर उतरते आणि माणूस भोवळ येऊन पडतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम घरीच करा. आईला ५ मिनिटं आडवी झोपवून रक्तदाब मोजा. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात खुर्चीवर बसवून घेतलेल्या मापात हे सापडत नाही.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी लोक वर्षानुवर्षं स्वतःच घेत राहतात. कमतरता असेल तर ते जरूर घ्यावं, पण तपासून आणि डॉक्टरांनी सांगितलं तितकंच. वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिलेल्या एका अभ्यासात पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं होतं.

पाय आणि तोल

या सगळ्यात एकच गोष्ट करायला जमणार असेल तर ही करा. तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्शाने कमी होतं, हे अनेक चाचण्यांमधून दिसलं आहे. नुसतं चालणं त्यासाठी पुरत नाही. बाबा रोज बागेत फेऱ्या मारतात ते चांगलंच, पण त्यात तोलाची परीक्षा होत नाही.

आठवड्यातून किमान ३ दिवस, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून करायचं. ओटा भक्कम असतो, उंचीही बरोबर असते आणि तो सरकत नाही. मागे खुर्ची ठेवा.

खुर्चीवरून उठणं-बसणं हा पहिला व्यायाम. सुरुवातीला खुर्चीच्या हातांना धरून, पुढे हात छातीशी घेऊन. उठताना पावलं मागे घ्यायची, नाक पावलांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. पाचाने सुरू करून दहापर्यंत न्या. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, पंजे उचलणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं. ते सोपं वाटायला लागलं की टाचेला पंजा लावून एका रेषेत चालणं. दोन्ही हातांवरून एका हातावर, मग फक्त बोटांवर या. अजिबात डगमगत नसेल तर व्यायाम फार सोपा आहे, जरा अवघड करा. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर थांबायचं. आधी पडलेलं किंवा खूप अशक्त माणूस असेल तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टसमोर करा. जोडीला ताटात वरण, उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडं हवंच. दूध-पोहे आणि चहा-बिस्किटावर स्नायू टिकत नाहीत.

डोळे, चप्पल, काठी

मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायची गरज नाही. दिसण्याची अडचण सुरू झाली की ऑपरेशन करून घ्यावं, त्याने पडणंही कमी होतं. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. जिना आणि बाहेर जाण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा असलेला बरा.

घरात मागे पट्टा असलेली, पातळ पण टणक तळाची चप्पल घालायला लावा. सपाता आणि गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे नकोत. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर पाय कुठे पडतोय हेच कळत नाही, तिथे हे जास्तच महत्त्वाचं.

काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे बहुतेक जण उलट करतात. चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यायला हवी. वाडवडिलांची ठेवणीतली काठी बहुतेक वेळा लांब असते, ती कापून घ्या. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. वॉकर घेण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजा.

खर्चाची अडचण असेल तर महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांपुढच्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथेही माहिती मिळते.

पडलंच तर

धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. आधी बोला. शुद्धीवर आहे का, कुठे दुखतं, पाय हलतो का ते बघा. जांघेत जोराचं दुखत असेल, पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल किंवा पायावर भार टाकता येत नसेल तर खुबा मोडल्याची शक्यता धरा. तेल लावून चोळणं नाही, हाडवैद्याकडे नेणं नाही. पाय आहे तसा ठेवा, पांघरूण घाला, १०८ ला फोन करा. खुब्याचं ऑपरेशन तब्येत साथ देत असेल तर शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत झालेलं चांगलं. 'या वयात ऑपरेशन नको' म्हणून अंथरुणात ठेवलेल्यांना न्यूमोनिया आणि शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमा) गाठतात.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माणूस बरं दिसलं तरी लगेच दवाखान्यात न्या. डोक्यातला रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनी कळतो. झोपाळूपणा वाढला, बोलण्यात गोंधळ झाला, डोकेदुखी राहिली तर महिन्यापूर्वीचं पडणं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कुठे मोडलेलं नसेल तर स्वतःच्या जोरावर उठायचं असं: कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन रांगत्या स्थितीत यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, बळकट पायाचं पाऊल पुढे टेकवायचं, जोर लावून उठायचं आणि वळून बसायचं. तुमचं काम फक्त खुर्ची जवळ आणून धरून ठेवण्याचं. हे पडायच्या आधी, गादीवर, तुम्ही शेजारी असताना एकदा करून घ्या.

एकटं राहणाऱ्यांनी मोबाइल दोरीने गळ्यात ठेवावा, न्हाणीघरात नेतानासुद्धा, पाणी लागणार नाही अशा पिशवीत. किल्लीची एक प्रत शेजाऱ्यांकडे द्या आणि सकाळी ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर त्यांनी दार उघडायचं, हे आधीच बोलून ठेवा.

आणि प्रत्येक वेळी वहीत टिपा: किती वाजता, कुठे, काय करत असताना, आधी गरगरलं होतं का, शेवटची गोळी कोणती घेतली. अडखळून पडणं वेगळं आणि काही कारण नसताना कोसळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारामागे रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असू शकते. त्यासाठी रक्ताची तपासणी आणि ईसीजी लागतो. किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करा आणि हाडं ठिसूळ निघाली तर त्यावरचं औषध प्लास्टर निघण्याची वाट न बघता विचारून घ्या.